पिवळ्या वाट्या

४ फेब्रुवारी, रविवार

बारके,

तुझा पत्ता चष्म्याच्या दुकानाच्या मालकाकडून घेतला. आधी देईना. म्हणाला, तिला द्यायचा असता तर तुमच्याकडे असताच की. मग मी चष्म्याची काडी बदलून घेतली, अर्धा तास बसून राहिलो, तेव्हा दिला. तू गेल्यापासून भिंगं घासायला त्याच्याकडे धड माणूस टिकलेलं नाही. तुला अजून बिनचष्म्याची चष्मेवाली म्हणतो.

मी बरा आहे. घर आहे तसंच आहे. तुझ्या खोलीत कॉलेजच्या पेट्या ठेवल्या होत्या, त्या काढल्या. तुझ्या खिडकीतून डेपोचं जुनं मैदान दिसायचं. आता समोरच्या इमारतीची स्वयंपाकघरं दिसतात. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई रोज सकाळी खिडकीशी उभ्या राहून चहा पितात. आमची नजरानजर होते. दोघंही दुसरीकडे बघतो.

एक काम होतं. मोजणीच्या अकरा वह्या तुझ्याकडे आहेत. त्या मला थोडे दिवस हव्या आहेत. कॉलेजच्या संग्रहात सगळं एका जागी असलेलं बरं. फार त्रास होणार नसेल तर पाठव.

दादा


१८ फेब्रुवारी, रविवार

बारके,

उत्तर येणार नाही हे माहीत होतं, असं लिहायला घेतलं होतं. माहीत नव्हतं. दोन आठवडे जिन्याखालची पत्रांची पेटी दिवसातून दोनदा उघडत होतो.

वह्या संग्रहासाठी नको आहेत. पाण्याच्या टाकीखालचा उतार घरांसाठी द्यायचा की नाही, याची सुनावणी १३ मार्चला आहे. अर्जदारांनी कागदपत्रांत माझा अहवाल जोडला आहे. डेपोच्या मैदानावरचा, तीन वर्षांपूर्वीचा. उताराचा आकडाही त्यात तुलनेसाठी दिला होता. तो आता त्यांच्या कामाला आला.

तुला हे सगळं सांगायची गरज नाही. पण सुनावणीत बाहेरच्या माणसांना सांगावं लागेल, म्हणून लिहून बघतो.

शहरातल्या रानमाश्या मोजायच्या. मध देणाऱ्या नव्हेत. पोळं न करणाऱ्या, जमिनीत किंवा भिंतीच्या भोकात एकटीने घर करणाऱ्या. त्या मोजायचे दोन मार्ग. एक, शंभर पावलांच्या पट्ट्यातून सावकाश चालायचं आणि फुलावर बसलेली प्रत्येक माशी डोळ्यांनी मोजायची. हे तू करायचीस. दुसरा, पिवळ्या रंगाच्या वाट्यांत साबणाचं पाणी घालून त्या सकाळी मांडायच्या. माशीला ते फूल वाटतं, ती उतरते, बुडते. संध्याकाळी गाळून मोजायचं. हे मी नवव्या वर्षी सुरू केलं. वाटी चुकत नाही, वाटीला कंटाळा येत नाही, वाटीचं कुणाशी नातं नसतं, असं मी तेव्हा म्हणालो होतो.

मैदानात फुलं होती त्या वर्षी वाट्यांत दिवसाला चौदा माश्या पडल्या. अर्ध्या मैदानावर यंत्रं फिरली, त्या वर्षी एकतीस. तिसऱ्या वर्षी बावन्न. मी लिहिलं, बांधकामाचा माश्यांवर विपरीत परिणाम दिसत नाही, उलट संख्या वाढते आहे. उरलेलं अर्धं मैदानही दिलं गेलं.

त्याच अहवालात टाकीखालच्या उतारावरचा आकडा सहा आहे. टाकी गळते म्हणून जिथे उन्हाळाभर गुडघाभर फुलं असतात, तिथे सहा. अर्जदारांचं म्हणणं साधं आहे. तिथे सहाच माश्या आहेत, अडवता कशासाठी?

गेल्या जानेवारीत माझ्या लक्षात आलं. मैदानावरच्या नव्या इमारतींचं गाड्या लावायचं मजलेदार वाहनतळ आहे. त्याच्या गच्चीवर वाट्या मांडल्या होत्या, नुसती पद्धत दाखवण्यासाठी. खाली सिमेंट, चहूकडे सिमेंट, एक कुंडी नाही. संध्याकाळी त्रेचाळीस माश्या. सफाईवाल्या बाई झाडू टेकवून वाकून बघत होत्या. म्हणाल्या, “बिचाऱ्या. जेवायला म्हणून आल्या असतील.”

तेव्हा कळलं. फुलं असली की वाटीकडे कोण बघणार? वाटी माश्या मोजत नव्हती. भूक मोजत होती.

माझ्या एकट्याच्या सांगण्याला किंमत नाही. आधी एक बोललो, आता दुसरं बोलणार. डोळ्यांनी केलेल्या अकरा वर्षांच्या नोंदी समोर ठेवल्या तर ऐकतील. त्या तुझ्याकडे आहेत.

दादा


४ मार्च, रविवार

बारके,

वह्या काल मिळाल्या. वर तपकिरी कागद, आत कापूस, कोपऱ्यांना पुठ्ठा. भिंगं पाठवावीत तशा बांधल्या आहेस. चिठ्ठी असेल म्हणून कापूस पिंजून पाहिला. मग तो पिशवीत भरून ठेवला.

आज दिवसभर वाचल्या. पहिल्या आठ वह्यांत माझं अक्षर आहे. तू पुढे, मी मागे वही घेऊन. तू नजर न काढता आकडा म्हणायचीस, मी तो परत म्हणायचो, मग लिहायचो, आणि परत म्हटल्याची खूण शेजारच्या रकान्यात करायचो. मागून आकडा आल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही, हा नियम तुझा. मी कंटाळून एकदा पुटपुटलो तर तू तिथेच उभी राहिलीस. लोक मागून येऊन आपल्याला ओलांडून गेले. कुणीतरी विचारलं, काही पडलंय का तुमचं? तू म्हणालीस, हो, दादाचा आवाज.

आपल्या मोजणीच्या सातही जागा वाचल्या. चौकातली बाग, जिथे महापालिकेने दुहेरी पाकळ्यांची फुलं लावली. तू शेरा लिहिला आहेस: दिसायला पोटभर, आत पराग नाही, दोन माश्या येऊन परत गेल्या. शाळेच्या कुंपणाची वेल काढली ते वर्ष. दवाखान्यामागची भिंत लिंपली ते वर्ष. भोकं बुजली, तरी एक माशी चार दिवस त्याच जागी येत राहिली. हे मी तेव्हा लिहून घेतलं असणार, अक्षर माझंच आहे. आठवत मात्र नाही.

नवव्या वहीत आपण दोघं आहोत, पण मी मध्येच वाट्या बघायला जातो. दहाव्या आणि अकराव्या वहीत मी नाही. सगळं तुझं अक्षर. परत म्हटल्याच्या खुणेचा रकाना तू आखला आहेस, दोन्ही वह्यांत, पानोपान. एकही खूण नाही. एका ठिकाणी शेरा आहे: लिहिताना मान खाली जाते, तेवढ्यात एखादी सुटत असेल.

डेपोच्या मैदानाचे तुझे आकडे: अठ्ठावन्न, एकवीस, पाच.

दहाव्या वहीत एक पान आहे. कोणतं, ते तुला माहीत आहे. त्याच्याविषयी नंतर लिहितो.

दादा


९ मार्च, शुक्रवार

बारके,

पान सदतीस.

त्याच्या पाठीवर टाकीखालच्या उताराची सगळ्यात मोठी मोजणी आहे. शंभर पावलांत एकशे शहाण्णव माश्या, एकोणीस जातींच्या. आणि टाकीच्या पायाशी, उघड्या मातीच्या पट्टीत, दोनशे बारा बिळं. प्रत्येक बिळाशेजारी तू आगकाडी खोचून मग मोजलीस, म्हणजे दोनदा मोजलं जाऊ नये. सुनावणीत दाखवावं असं एकच पान निवडायचं तर ते हेच. वाटीतल्या सहांसमोर डोळ्यांचे एकशे शहाण्णव.

आणि समोरच्या बाजूला, डेपोच्या एकवीस माश्यांखाली, पेन्सिलने एक ओळ:

‘वाट्यांचं दादाला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.’

मी तुला लिहिलं की जानेवारीत लक्षात आलं. सफाईवाल्या बाई तसं म्हणाल्या, ते खरं आहे. मी दचकलोही. पण दचकलो ते वाक्य आधी ऐकलेलं होतं म्हणून.

तो दिवस लिहितो. तू मैदानावरून आलीस. चपलांना सिमेंट लागलं होतं, म्हणून त्या दाराबाहेर काढल्यास. मी टेबलाशी माश्यांना टाचण्या लावत होतो. तू पाणी प्यायलीस आणि उभ्यानेच म्हणालीस, “दादा, तुझ्या वाट्यांत त्या भरल्या पोटी येत नाहीयेत. तिथे पिवळं दुसरं काही राहिलंच नाही.”

मी म्हणालो, आकडे बघ.

“बघितले. म्हणून तर सांगतेय.”

मी टाचणी लावत राहिलो. तू थोडा वेळ थांबलीस. तेव्हा वाटलं, तू उत्तरासाठी थांबली आहेस. आता वह्या वाचल्यावर कळतं, मी आकडा परत म्हणण्यासाठी तू थांबली होतीस.

त्याच आठवड्यात नगररचना कार्यालयाचं पाकीट आलं होतं. पाकिटावर माझं नाव आणि खाली ‘तज्ज्ञ’. सव्वीस वर्षं मी प्रयोगशाळेत दुसऱ्यांच्या बरण्या धुतल्या. विद्यार्थी शिकून साहेब झाले आणि परत येऊन मला अहो काका, जरा ती बरणी द्या, म्हणाले. ते पाकीट अजून खणात आहे. आत काय होतं ते केव्हाच फेकलं, पाकीट ठेवलं.

तू सांगितलंस त्यावर मी वर्षभर विचार केला. एकदा तर पहाटे जाऊन, उतारावर भर फुलांत वाट्या मांडून खात्रीही केली. सहा पडल्या. शेजारच्या झुडपावर मी डोळ्यांनी तीस मोजल्या, उभ्या उभ्या. अहवालात सहा लिहिले. तीस कुठेच लिहिले नाहीत, आजपर्यंत. अहवालावर तुझं नाव नव्हतं, त्याचं कारण मी तुला सांगितलं होतं की तू संस्थेतली नाहीस. संस्थेने तसं काही म्हटलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

अहवाल छापून आला तो तू जेवणाच्या टेबलावर वाचलास. मला वाटलं भांडशील. तू तो नीट मिटून ठेवलास आणि विचारलंस, “भाजीत मीठ जास्त झालंय का?” पंधरा दिवसांनी गेलीस. मी सगळ्यांना सांगितलं, तिला बाहेर चांगली नोकरी लागली.

काल पान कॉलेजातल्या विभागप्रमुखांना दाखवलं. त्यांनी पाठची बाजू वाचली, मान डोलावली. मग समोरची वाचली. वही परत देताना इतकंच म्हणाले, “पेन्सिलने लिहिलंय.”

माझ्या टेबलावर खोडरबर आहे. तुझी पेन्सिल मऊ आहे, दाब कमी. दोनदा फिरवलं तर कागदावर काही राहणार नाही. ओळ गेली तरी मागचे एकशे शहाण्णव तसेच राहतात. उतारही वाचतो, मीही वाचतो. माझी चूक प्रामाणिक ठरते. शास्त्रात अशा चुका होतात, आणि ज्याची त्याने कबूल केली तर लोक उलट मान देतात. हे सगळं मी नीट मांडून पाहिलं.

तू पान फाडलं नाहीस. खोडलं नाहीस. अकराच्या अकरा वह्या पाठवल्यास आणि चिठ्ठी लिहिली नाहीस. आधी वाटलं, राग आहे म्हणून. आता वाटतं, तुला जे लिहायचं होतं ते तू तेव्हाच लिहून ठेवलं होतंस.

सुनावणी मंगळवारी आहे.

दादा


१४ मार्च, बुधवार

बारके,

काल झाली.

लांबट खोली, मध्ये टेबल, भिंतीवर शहराचा नकाशा. त्यात टाकीखालचा उतार नखाएवढा. सुनावणीच्या अधिकारी बाई वयाने तुझ्याएवढ्या असतील. हातात शाईचं पेन, समोर औषधाची बाटली. दर तासाला एक गोळी घेत होत्या. पंधरा-वीस माणसं. टाकीवाला आला होता, धुतलेला सदरा घालून. त्याने तुझी चौकशी केली. आगकाड्यावाल्या ताई कुठे असतात, म्हणाला. बाहेरगावी, म्हणालो.

मी वाट्यांचं सांगितलं. पाठ केल्यासारखं न सांगता आलं, कारण तुला लिहून झालं होतं. मग वही पुढे केली, पान सदतीस उघडून, पाठची बाजू वर. बाईंनी ती वाचली. एकशे शहाण्णव या आकड्याखाली बोट ठेवलं. मग त्यांनी पान उलटलं. उलटलं नसतं तर मी सांगितलं असतं का, हे मला माहीत नाही. सांगितलं असतं असं लिहावंसं वाटतं.

त्यांनी ती ओळ मनात वाचली, मग मोठ्याने, खोलीला ऐकू जाईल अशी. तुझं वाक्य परक्या आवाजात फार छोटं वाटलं.

“यात दादा कोण?” त्यांनी विचारलं.

“मी.”

अर्जदारांचे वकील उठले. चांगला माणूस आहे, आवाजही चढवला नाही. म्हणाले, म्हणजे तुमचा आधीचा अहवाल खोटा. मी हो म्हणालो. ठाऊक असून खोटा. हो. मग आताचं तुमचं म्हणणं खरं कशावरून?

“माझं नाहीच ते,” मी म्हणालो. “तिचं आहे.”

मागे कुणीतरी हसलं. टाकीवाला असावा, पण चेष्टेने नाही.

निर्णय असा: उताराचा अर्ज थांबवला आहे. या वर्षीचा फुलांचा हंगाम संपेपर्यंत तिथे डोळ्यांनी नवी मोजणी व्हायची, वाट्या नाहीत. मग पुन्हा बसतील. जुन्या वह्या ग्राह्य धरल्या. डेपोच्या मैदानाचं काही होणार नाही. तिथे लोक राहतात. कुणी पडदे लावलेत, कुणी बाळाची दुपटी वाळत घातलीत. त्यांना काय सांगणार?

दहावी वही कार्यालयाने ठेवून घेतली आहे. पान सदतीसवर गोल शिक्का मारला, नेमका तुझ्या ओळीवरून. आता ती खोडता येणार नाही. काम संपलं की वही तुला पाठवतील. पत्ता मी तुझा दिला आहे. हे एक न विचारता केलं.

आज सकाळी कॉलेजात गेलो तर टेबलावरची तज्ज्ञाची पाटी नव्हती. विभागप्रमुख म्हणाले, निवृत्तीला सात महिने आहेत, तेवढे प्रयोगशाळेतच काढा. बरण्या आहेतच. त्या मी धुतल्या. हात विसरलेले नाहीत.

दादा


२५ मार्च, रविवार

बारके,

मोजणीचा अर्ज भरायला बोलावलं होतं. त्यात दोन नावं लागतात. एक बघणारा, एक लिहिणारा. लिहिणाऱ्याच्या जागी माझं नाव चालणार नाही, असं मला वाटलं होतं. कारकून म्हणाला, बघणाऱ्याच्या जागी चालणार नाही, तुमच्या डोळ्यांवर आता कुणाचा विश्वास नाही; लिहायला काय, सांगितलेलं उतरवायचं. मी लिहिणाऱ्याच्या जागी सही केली. वरची ओळ रिकामी आहे. पूर्वीचा असतो तर तुझं नाव घालून मोकळा झालो असतो. कारकुनाने विचारलं, कुणी आहे का? मी म्हणालो, माहीत नाही. तो म्हणाला, दहा एप्रिलपर्यंत सांगा, नाहीतर आम्ही कुणीतरी देऊ. हे तुला कळवायचं म्हणून कळवतो. बाकी काही नाही.

आज सकाळी नुसता उतारावर गेलो. सरकारी मोजणी नव्हे. नवी वही घेतली, रकाने आखले, खुणेचाही. ऊन चांगलं होतं, वारा नव्हता. टाकीवाला वरून बघत होता. गळती दुरुस्त करायचा हुकूम दोनदा आला आहे, म्हणाला, पण पान्याचा आटा गेलाय. पाना त्याच्या हातातच होता, चांगला होता.

तू सुरुवात करायचीस त्या दगडापासून निघालो. नजर फुलांवर, पाय जमिनीवर, हे दोन्ही एकदम होत नाही, हे मला माहीत नव्हतं. मी नेहमी तुझ्या टाचा बघत चालायचो. लहान काळ्या, नखाएवढ्या. पोटावर निळे पट्टे असलेली एक, जी एका जागी थांबत नाही. तिला तू घाईवाली म्हणायचीस. पानाचा गोल तुकडा कापून पोटाखाली धरून नेणारी एक. लिहायला मान खाली घातली आणि वर पाहिलं तर फूल हलत होतं, त्यावर कुणी नव्हतं. तुझा शेरा आठवला. दोन वर्षं तू हे एकटीने केलंस.

मग लिहायचं सोडलं, नुसतं म्हणू लागलो. एक. दोन. फुलं दाट होती. एका झुडपाशी एकदम आठ दिसल्या.

“आठ,” मी म्हणालो, मोठ्याने.

मागून आकडा आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. मी बराच वेळ उभा होतो.

दादा